टेपबाई, तू फक्त माप सांग

पानिपत, हरियाणा

प्रिय टेपबाई,



पत्रास कारण की तुझं प्रस्थ फार वाढलंय. इंसार बाजारात शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात तू फॉल, हुक आणि रिळांच्या शेजारी गुंडाळी करून पडलेली असतेस. दीडशे सेंटिमीटर लांबी, एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर, टोकांना पत्र्याची पट्टी. किंमत म्हणशील तर एका प्लेट टिक्कीएवढी. पण हार्मोन चालू केलेली बाई न्हाणीघराची कडी लावून तुला छातीभोवती घेते, तेव्हा तू न्यायाधीश होऊन बसतेस. आज अर्धा सेंटिमीटर जास्त भरला, दिवस चांगला. उद्या तोच अर्धा सेंटिमीटर कमी भरला की जेवण नको, फोन नको, कुणाचं तोंड नको. तुला तुझी जागा दाखवावी आणि तुझा जो मान आहे तोही द्यावा, म्हणून हे लिहिते आहे. चारचौघांत लिहिते, कारण तुझ्याशी एकटीने भांडून काही निष्पन्न होत नाही, हे माझ्यासारख्या बऱ्याच जणींना चांगलं माहीत आहे.

माझी ओळख तुला करून द्यायला नको, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. आमचं घर मूळचं सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोन्याचांदीच्या आटणीत, भारतभर पांगली. तशीच आमच्या घरची पानिपतात आली. मी मात्र भट्टीपाशी बसले नाही. एका एक्स्पोर्ट हाउसात क्वालिटी चेकिंग करते. बाथमॅट, दऱ्या, टॉवेल, सोफ्यावरचे थ्रो. सकाळपासून टेप गळ्यात. मी ट्रान्स बाई आहे आणि काही वर्षं डॉक्टरांच्या देखरेखीखाली इस्ट्रोजेन घेते आहे, हे कारखान्यात मोजक्यांनाच ठाऊक आहे. हे छापून आलं की उरलेल्यांनाही कळेल. कळू दे.

पानिपतावरून मराठी मुलखाकडे निघालेल्या सगळ्यात प्रसिद्ध पत्रात, १७६१ च्या जानेवारीत, मेलेल्या माणसांचा हिशेब मोती, मोहरा आणि खुर्द्याच्या भाषेत दिला होता. वाटेत कुणी फोडलंच तर नुसती सावकारी वाटावी. छातीची मापं टिपायच्या माझ्या वहीचंही तसंच आहे. वरचा घेर म्हणजे ‘वॉशआधी’, खालचा म्हणजे ‘वॉशनंतर’ आणि दोन्हींतला फरक म्हणजे ‘श्रिंकेज’. कुणी उघडून बघितलं तर वाटेल, बाई घरीसुद्धा कामाचंच बघते. आमच्या सुपरवायझरने एकदा ती खरंच उघडली. पानं चाळली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, ‘इतनी श्रिंकेज? रिजेक्ट कर इस माल को.’ मी म्हटलं, बघते.

आता तुझ्या कामाचं. कारखान्यात मॅट धुऊन आली की आम्ही ती लगेच मोजत नाही. टेबलावर सपाट पसरतो, न ताणता तशीच पडू देतो. ड्रायरमधून गरमागरम काढलेला पीस आत्ता एक लांबी सांगतो आणि उद्या दुसरी. शिवाय ऑर्डरच्या कागदावर मापापुढे अधिक-उणे लिहिलेलं असतं, टॉलरन्स. तेवढा फरक पडणारच, असं बायर आणि आम्ही दोघांनी आधीच मान्य केलेलं असतं. अंगाचं माप घेताना हे शहाणपण कुठे जातं कोण जाणे. तुला एकदा घट्ट ओढून बघ, एकदा सैल सोडून बघ. सेंटिमीटरभर इकडेतिकडे सहज होतं. मग महिन्याभरात अर्धा सेंटिमीटर वाढला की घटला, हे तुला विचारणंच फोल. तेवढी तुझी बारकाईच नाही.

म्हणून मी तुझे नियम ठरवून टाकले. उभं राहायचं, हात खाली सोडायचे, श्वास सोडायचा आणि सोडलेल्या श्वासावर मोजायचं. श्वास भरला की बरगड्याच काही सेंटिमीटर पसरतात आणि त्याचं श्रेय उगाच गोळ्यांना जातं. तू पाठीमागे घसरतेस, त्यामुळे आरशात तिरकं उभं राहून पुढून-मागून एका पातळीत आहेस ना हे बघायचं. मापं दोनच. एक स्तनाग्रांवरून, दुसरं स्तनांच्या लगेच खालून. कामाचा असतो तो या दोन्हींमधला फरक. चार किलो वजन वाढलं की दोन्ही घेर वाढतात, आणि आशा मात्र फक्त वरच्याकडे बघत बसते. पहिली गोळी घ्यायच्या आधीचं मापही वहीत हवंच. पुरुषी छातीचासुद्धा वरचा घेर खालच्यापेक्षा जास्त असतो. तिथे स्नायू असतात. म्हणजे सुरुवात शून्यावर नसते. ती कुठे होती हे लिहिलेलं नसेल, तर पुढचे सगळे आकडे अधांतरी. आणि माप तीन महिन्यांतून एकदा, ज्या दिवशी रक्त द्यायला जायचं त्याच दिवशी. पहिल्या वर्षी डॉक्टर तसंही दर तीन महिन्यांनी तपासण्या लिहून देतात. इस्ट्रॅडिऑल, टेस्टोस्टेरॉन, आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियम. त्या रांगेत तूही उभी राहा. रोज सकाळी न्हाणीघरात तुझं काम नाही.

खरं सांगायचं तर या वाढीची बातमी तुझ्या आधी मला लागली होती. रोडवेजच्या बसने करनाल गाठायचं होतं, ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि छाती पुढच्या सीटच्या दांड्यावर आपटली. अशी काही कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी. घरी येऊन चाचपलं तर डाव्या स्तनाग्राखाली चपटी, टणक, हात लावला की दुखणारी गाठ. उजवीकडे काहीच नाही. मी घाबरले, कॅन्सरपर्यंत जाऊन आले. डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि म्हणाले, सुरुवात झाली. वयात येणाऱ्या मुलींचंही असंच सुरू होतं. एक बाजू पुढे, एक मागे, आणि अंगावर कपडा घासला तरी ठणका. तुझ्यावर मात्र त्या महिन्यात काही दिसलं नाही. तुझ्या लेखी मी जशीच्या तशी होते.

मुलीच्या बाबतीत हे सगळं घरातल्या बायका बघतात. आई स्लिप आणून देते, मावशी म्हणते आता ओढणी घेत जा, आजी नुसतीच बघते. मुलीला लाज वाटते, राग येतो, पण हे होणारच होतं आणि होतंय ते बरोबर होतंय, हे न बोलता तिला कळतं. माझ्या वाटच्या मावश्या कुठे होत्या? हिजडा परंपरेत गुरूच्या घरात राहणाऱ्यांना निदान आधीच्या पिढीची अंगं बघायला मिळतात. नोकरी करून एकटीने राहणाऱ्या बाईकडे तूच असतेस. म्हणून तुझं इतकं फावतं.

डॉक्टर हे टप्पे ज्या पट्टीवर सांगतात ती टॅनरची. जेम्स टॅनर या इंग्रज डॉक्टरांनी हार्पेंडेनच्या बालगृहातल्या मुलांची मापं आणि उघड्या अंगाचे फोटो वर्षानुवर्षं घेतले. १९६९ साली मार्शल आणि टॅनर या दोघांनी १९२ मुलींच्या वाढीवरून मांडणी प्रसिद्ध केली. पाच टप्पे, एकापासून पाचापर्यंत. त्या मुली घरापासून दूर, बालगृहात वाढत होत्या, आणि जगभरच्या दवाखान्यांत आजही त्यांच्या अंगावरून आपली अंगं ताडली जातात. हे मला टोचतं. तरी त्यातली एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. दुसऱ्या टप्प्यापासून पाचव्यापर्यंत पोचायला त्या मुलींना सरासरी चारेक वर्षं लागली होती. चार वर्षं! आणि हार्मोन घेणारी बाई चौथ्या महिन्यात तुला विचारते, अजून कसं काही नाही?

ट्रान्स बायकांचे स्वतःचे आकडेही आता आहेत, पण ते युरोपातले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२९ जणींची वर्षभर मापं घेतली, आणि तीही तुझ्याच पद्धतीने, वरचा घेर वजा खालचा घेर. वर्षाअखेर हा फरक सरासरी ७.९ सेंटिमीटरवर आला. बरीचशी वाढ पहिल्या सहा महिन्यांत झाली होती. जवळजवळ निम्म्या जणींचा कप ‘ट्रिपल ए’च्याही खाली राहिला. पुढे त्याच मंडळींनी तीन वर्षं त्रिमितीय फोटो काढून बघितलं, तेव्हा वाढ वर्षावर थांबत नाही, हळूहळू पुढेही चालते असं दिसलं. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत म्हणतात की सुरुवात तीन ते सहा महिन्यांत होते आणि पूर्ण वाढीला दोन ते पाच वर्षं लागतात. मला हे वाचून आधी वाईट वाटलं, मग हायसं वाटलं. माझ्यात काही खोट नव्हती. इतकंच होतं, आणि असंच होतं.

पण त्या ‘ट्रिपल ए’चं काय ते ऐक, कारण इथे तुझ्या नावावर फार मोठी फसवणूक चालते.

पानिपतात जगभरचे टाकलेले कपडे येतात. कांडला बंदरातून गठ्ठेच्या गठ्ठे. शॉडी मिलसाठीचा, म्हणजे जुन्या कपड्यांचं सूत काढणाऱ्या गिरणीसाठीचा, माल कापलेलाच यावा लागतो, म्हणजे कुणी परस्पर बाजारात विकू नये. त्यामुळे चांगले चांगले कोट पाठीतून चिरलेले असतात. बायका जमिनीवर बसून चेन, बटणं, अस्तरं काढतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात, मग सगळं फाडून, पिंजून त्याचं सूत काढतात आणि त्याची कांबळी विणली जातात. मेघना गुप्ता यांनी या बायकांवर २०१२ साली ‘अनरॅव्हल’ नावाची छोटी डॉक्युमेंटरी केली आहे. कपडे हाताळता हाताळता ते घालणाऱ्या माणसांविषयी त्या काय काय अंदाज बांधतात ते त्यात आहे. कामानिमित्त मी अशाच एका युनिटमध्ये गेले होते. लोकरीच्या ढिगात चुकून आलेली एक ब्रा एकीने काठीने उचलून दाखवली आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी पट्टीवरचं लेबल वाचलं. युरोप ७५ बी, फ्रान्स ९० बी, इंग्लंड ३४ बी, इटली २ बी. वस्तू एक, छाती एक, आकडे चार.

आता आपला हिशेब कर. समज, खालचा घेर ३४ इंच आणि वरचा ३७. फरक ३ इंच, म्हणजे ७.६ सेंटिमीटर. आपल्याकडे ऑनलाइन विकणाऱ्यांचे जे तक्ते असतात त्यांत एक इंच फरक म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी. झाली ती ३४ सी! मैत्रिणींना पेढे वाटावेत. जुन्या पद्धतीने मोजणारा खालच्या घेरात आधी चार इंच मिळवतो. पट्टी ३८, वरचा घेर ३७, कप उणे. हाती भोपळा. आणि युरोपच्या तक्त्यात ए सुरू होतो तोच १२ सेंटिमीटर फरकावर; तिथे ही बाई ‘ट्रिपल ए’च्या खाली. एकाच दुपारी, एकाच आरशासमोर, तीच बाई सी पण आणि काहीच नाही ते पण. म्हणजे अभ्यासातल्या त्या निम्म्या जणींपैकी कित्येकींना आपल्याकडच्या एखाद्या वेबसाइटने खुशाल बी, सी म्हटलं असतं. त्यामुळे कुणी मला ‘तुझा कप कितीचा झाला’ विचारलं की मी सांगत नाही. फरकाचे सेंटिमीटर सांगते.

बाजारातल्या दुकानदाराला यातलं काही लागत नाही. काउंटरमागचे काका नजर वर न करता, किंवा एकदाच करून, म्हणतात, ‘छत्तीस ले जाओ, छोटा लगे तो बदल लेना.’ तुझ्याशिवाय, आणि बहुतेक वेळा बरोबर. मला पहिल्यांदा हा प्रसंग आला तेव्हा मी घरी तुझ्यावर आकडे पाठ करून गेले होते. त्यांनी ते ऐकूनही घेतले नाहीत. मागे उभ्या असलेल्या सरदारीणबाई म्हणाल्या, कॉटनचं घे, सिंथेटिकने घामोळं येतं. माझ्या सगळ्या तयारीपेक्षा तो सल्ला कामाला आला.

तुझ्यावर माझा खरा राग आहे तो गोळ्यांच्या बाबतीत. तू हलत नाहीस म्हणून बाई गोळी वाढवते. एकाच्या दोन, दोनाच्या चार. शिवाय कुणीतरी सांगितलेली गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं, कारण ती कुठल्याही मेडिकलमध्ये प्रश्न न विचारता मिळतात. २०१८ च्या त्या अभ्यासात रक्तातलं इस्ट्रॅडिऑल किती आहे यावरून वर्षाखेरच्या वाढीचा काही अंदाज बांधता आला नाही. जिचं जास्त तिची वाढ जास्त, असं झालंच नाही. डॉक्टर इस्ट्रॅडिऑल साधारण १०० ते २०० पिकोग्रॅमच्या पट्ट्यात आणि टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅमच्या खाली ठेवायला बघतात. त्याच्या वर कितीही गेलं तरी सेंटिमीटर विकत मिळत नाहीत. मिळते ती जोखीम. गर्भनिरोधक गोळ्यांमधलं एथिनिल इस्ट्रॅडिऑल शिरांमध्ये रक्त गोठवण्यासाठी बदनाम आहे, म्हणून या उपचारात ते वापरू नये असं मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात. एकच पोटरी सुजली, दुखायला लागली, किंवा एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली तर वही मिटायची आणि इस्पितळ गाठायचं. तिथे कोणत्या गोळ्या खाल्ल्या ते लाज सोडून सांगायचं. प्रोजेस्टेरॉनने आकार गोल होतो असंही कानोकानी चालतं. त्याला अजून ठोस आधार नाही. गोळीचा डोस ठरवायला तू कुणी नाहीस, टेपबाई. तो रक्ताच्या रिपोर्टवर आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठरतो.

आता डॉक्टर कुठून आणायचा, हाही प्रश्न आहेच. २०१९ च्या कायद्यात हार्मोन उपचारांची सोय सरकारने करावी असं लिहिलं. २०२२ साली आयुष्मान भारतच्या ‘टीजी प्लस’ योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण जाहीर झालं. कार्ड घेऊन विचारायला गेलं की खिडकीमागचा माणूस आधी नजरेने आपलं माप घेतो, मग दुसऱ्या खिडकीवर पाठवतो. पुणे आणि कल्याणला ‘मित्र’ क्लिनिकं होती, जिथे बाईला बाई म्हणून हाक मारत. अमेरिकेचा पैसा थांबला तशी २०२५ च्या जानेवारीत हैदराबादच्या क्लिनिकबरोबर तीही बंद पडली. पानिपताहून दिल्ली नव्वद किलोमीटर. मी जाऊ शकते, पगार आहे, सुट्टी मिळते. जिला जमत नाही ती मेडिकलवाल्यापुढे उभी राहते. तिला मी नावं ठेवणार नाही, पण तुझ्या आकड्याच्या नादाने तिने एक गोळी जास्त घेतली की मला तुझा संताप येतो.

आणि हे गाव बघ कुठलं. २०११ च्या जनगणनेत हरियाणात शून्य ते सहा वयोगटातल्या हजार मुलग्यांमागे ८३४ मुली होत्या. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ची सुरुवात पंतप्रधानांनी याच पानिपतातून केली, २२ जानेवारी २०१५ ला. मुलगी आहे का हे ओळखायला इथे सोनोग्राफीचं यंत्र कामाला लावलं आणि ओळख पटली की तिला नाहीशी केली. त्या गावात मी तुला छातीला लावून विचारत होते, आहे का मुलगी? यंत्राने दिलेल्या उत्तरावर इथे एकदा काय काय झालंय हे माहीत असताना तो प्रश्न तुला विचारायची माझी हिंमत आता होत नाही.

मग टाकूनच द्यावं का तुला? पुष्कळजणी असं सांगतात, चांगल्या मनाने सांगतात. मोजू नको, आरशात बघू नको, आपोआप होईल. मला हे पटत नाही. न मोजणाऱ्या बाईला कुणीही काहीही विकतं. एका महिन्यात दोन कप वाढवणारं मलम, आयुर्वेदिक कॅप्सूल, मेथीचा अर्क, कसलासा पंप. ‘फरक पडतोय ना?’ असं विकणारा विचारतो आणि आशेपोटी बाई हो म्हणते. वहीत तीन महिन्यांपूर्वीचा आकडा असेल तर ती हो म्हणत नाही. डॉक्टर ‘होईल हळूहळू’ म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारतात तेव्हाही वही उपयोगी पडते. पान पुढे सरकवलं की त्यांना खुर्चीत नीट बसावं लागतं. माझ्या डॉक्टरांनी पहिल्यांदा ते पान बघितलं तेव्हा टेस्टोस्टेरॉनचे जुने रिपोर्ट काढायला लावले आणि ते पुरेसं खाली गेलेलंच नव्हतं, हे त्यातून निघालं. ते पकडलं गेलं याचं श्रेय तुझं आहे. दिलं, घे.

शिवाय शस्त्रक्रियेचा प्रश्न. ज्यांना इम्प्लांट हवं असतं त्यांनी आधी निदान वर्षभर तरी हार्मोन घ्यावेत असं डॉक्टर सांगतात, कारण कातडी आणि ऊती आपल्या आपण जेवढ्या वाढतील तेवढ्या वाढू दिल्या तर नंतरचं काम चांगलं होतं. वाढ थांबली की नुसती मंदावली, हे आठवणीवरून कळत नाही. ओळीने आकडे असले तर कळतं. माझे आकडे बऱ्याच दिवसांपासून एका जागी आहेत. शस्त्रक्रिया मी करून घेणार नाही. पैशांचं कारण आहेच, पण मला माझं हे अंग पुरेसं वाटतं, हे मोठं कारण. दुसरीला नाही वाटणार, तिने जरूर करून घ्यावी. पुरेसं कशाला म्हणायचं ते तिचं तिने ठरवावं, तू नव्हे आणि मीही नव्हे.

जे तुला मोजताच येत नाही ते तर फारच आहे. हार्मोनने वाढलेल्या या स्तनांत नुसती चरबी नसते, दुधाच्या ग्रंथी तयार होतात. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका ट्रान्स बाईची नोंद प्रसिद्ध केली. औषधांच्या मदतीने तिला दूध आलं आणि सहा आठवडे बाळ केवळ त्याच दुधावर वाढलं. तिच्या कपाचा आकार कुणी विचारला असेल असं वाटत नाही. ग्रंथी आल्या की त्यांचे आजारही आलेच. नेदरलँड्समध्ये २,२६० ट्रान्स बायकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा १५ जणींना स्तनांचा पसरणारा कॅन्सर झालेला आढळला. पुरुषांपेक्षा धोका बराच जास्त, इतर बायकांपेक्षा कमी. म्हणून हार्मोनला पाचेक वर्षं झाली आणि पन्नाशी उलटली की मॅमोग्राफी करायची, आणि त्याआधीही नवी, कडक, न दुखणारी गाठ हाताला लागली तर दाखवायची. कपाळावर बाई लिहून घेतल्यावर बाईच्या तपासण्या चुकत नाहीत.

तर तुझं काम ठरलं. तीन महिन्यांतून एकदा, आणि वाढ थांबल्यावर वर्षातून एकदा. मधल्या काळात तू मॅट मोज. एक मात्र आहे, तुझ्या टोकाचा पत्रा ढिला झालाय आणि पहिले दोन आकडे पुसट होत चाललेत. कारखान्याच्या नियमाने तू केव्हाच बाद व्हायला हवी होतीस. नवी टेप आणली आहे. पुढच्या वेळी दोघींनी मोजेन, दोघींचा फरक वहीत लिहून ठेवेन आणि मग तिच्यावर पुढची मापं घेईन. टेप बदलली आणि तशी नोंद ठेवली नाही, तर मागच्या-पुढच्या आकड्यांची गाठ पडत नाही.

त्याआधी तुला अजून एक काम आहे. विट्याला चुलतबहिणीचं लग्न ठरलंय. काकूचा फोन आला होता. घरातल्या सगळ्या पोरींचे ब्लाउज एकाच टेलरकडे टाकायचेत, म्हणून माझी मापं तिला हवीत. छाती, कंबर, मुंढा, खांद्यापासून टक्सपर्यंतची उंची, सगळं. मी म्हटलं, काकू, छातीचं माप फार नाही हं. ती म्हणाली, ‘आगं, असंल त्ये पाठीव. दोन इंच आत दाबून ठेवाय सांगते, पुढं अंगात भरलीस तर उसवता येतंय.’ तर रविवारी सकाळी तयार राहा. मुंढ्याचं माप माझं मला घेता येत नाही, शेजारच्या भाभीला बोलावलंय.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
पानिपतकर